किल्ला पाडा, आरमार वाचवा

राजेहो, अंतराळयुद्धावर विज्ञानकथा लिहायला घेतली ना? मग आधी किल्ला बांधा. चांगला मोठ्ठा, ग्रहाभोवती तोफांचं कडं वगैरे. आणि तिसऱ्या प्रकरणात तो पाडून टाका. किल्ल्याला जिंकू द्यायचं नाही, कारण नायक जहाजावर असतो. किल्ल्यावर असतात ते जेवून सुस्तावलेले अधिकारी.

किल्ला ‘एका जागी खिळलेला’ आहे, असं बिनधास्त लिहा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते, हे वाचकाला कशाला? आपल्या नागपूरच्या झिरो माइल स्तंभापाशी उभे चार घोड्यांचे पुतळेसुद्धा त्या हिशोबानं ताशी लाखावर किलोमीटर दौडतायत, पण लोक त्यांच्याशेजारी उभं राहून निवांत फोटो काढतातच की.

ग्रहाची वाट शत्रूला कित्येक वर्षं आधी ठाऊक असते, ही खरी अडचण. सेकंदाला 3 किलोमीटर वेगानं आदळणारा दगड आपल्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा घेऊन येतो. म्हणजे रस्त्याच्या कामावरची ट्रकभर गिट्टी पुरे. उलट दगड वेळेत दिसला, तर कक्षेतलं ठाणं जरासं सरकवूनही वाचवता येतं. दोन्ही गोष्टी गाळा. नाहीतर दीडशे पानं भरायची कशी?

जहाजं व्हेरायटी चौकातल्या ऑटोसारखी गर्रकन वळवा. वेग बदलायला इंधन लागतं आणि ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन, हे गणित रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीनं 1903 मध्येच मांडून ठेवलंय. मांडू द्या.

उष्णतेबद्दल तर चकार शब्द नको. माझ्या एका मित्रानं मे महिन्यातल्या दुपारी मला आपली कादंबरी वाचून दाखवली. बाहेर पंचेचाळीस. कूलरचा पंप बसलेला, खस वाळून कडकडीत; दर दोन पानांनी तो उठून मगानं पाणी मारायचा आणि ओल्या हातानंच पुढचं पान उलटायचा. कादंबरीत मात्र त्याच्या जहाजाचा लेसर सलग तासभर चालला आणि एकालाही घाम फुटला नाही! मी काही बोललो नाही, त्याच्याच घरचं पन्हं पीत होतो.

पण तुम्हाला सांगतो. पोकळीत हवा नाही, त्यामुळे तिथं पंखा नुसताच फिरेल. पाणी उडवून थंडावा मिळवता येईल, पण उडालेलं पाणी गेलं ते गेलंच, आणि तिथं नळ येत नाही. उरतात उष्णता बाहेर फेकणारे मोठाले तापलेले पत्रे, म्हणजे शत्रूला नेम धरायला सोय. वर थंडगार काळ्या आभाळात असं तापलेलं जहाज लांबूनच दिसतं, म्हणजे तुमचा तो ‘अचानक हल्ला’ही गेला. ग्रहावरच्या तोफेला मात्र अख्खा समुद्र कूलरच्या टाकीसारखा वापरता येतो. म्हणून तर म्हणतो, हा विषयच काढू नका.

आणि एक. सीताबर्डीच्या टेकड्यांवरच्या लढाईचा दाखला चुकूनही देऊ नका. नोव्हेंबर 1817 मध्ये त्या दोन टेकड्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची थोडकी फौज ठाण मांडून होती आणि अप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी पट मोठी फौज चालून आली. दुसऱ्या दिवशी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही. तेव्हा कंपनीच्या घोडदळानं खाली मैदानात मुसंडी मारली, पारडं फिरलं आणि टेकडी पुन्हा कंपनीकडे गेली. आता सांगा, जिंकलं कोण? टेकडी की घोडा? किल्ला तर बापड्यांनी लढाई संपल्यावर बांधला.

मित्राला हे सगळं सांगितलं. पाण्याचा मग हातात धरून तो क्षणभर विचारात पडला.

“मंग माह्या हिरोले घोडदळातच टाकतो ना बाप्पा,” म्हणाला, आणि बादली भरायला गेला.