प्लायवूड कापता येतंय तोवरच प्रवाशांना बोलवा

नव्या बसचा आणि थांब्यांचा आराखडा पक्का होतो, निविदा निघते आणि मग अपंग, ज्येष्ठ, महिला अशा ‘प्रतिनिधींना’ सभागृहात बसवून पडद्यावर चित्रं दाखवली जातात. तेव्हा बदलण्यासारखं काय उरलेलं असतं? फार तर सीटच्या कापडाचा रंग. दाराची रुंदी, दांड्यांची जागा, जमिनीची उंची हे सगळं ठरून गेलेलं असतं. याला सहभाग म्हणायला मी तयार नाही.

रॅम्पचंच घ्या. लो-फ्लोअर बस, म्हणजे दारात पायऱ्या नसलेली ठेंगणी बस, थांब्यावर एका बाजूला झुकली की दारातली जमीन रस्त्यापासून साधारण २५० मिमी वर राहते. फुटपाथ १२५ मिमी उंच असेल तर एक मीटरच्या रॅम्पला उतार पडतो १:८, म्हणजे आठ हात पुढे गेलं की एक हात चढ. मागून कुणी हात लावला तर जमतं. पण थांब्यासमोर कुणी गाडी लावलेली असली की बस दूर उभी राहते, रॅम्प थेट रस्त्यावर टेकतो आणि उतार होतो १:४. तिथे व्हीलचेअर मागे कलंडते. कागदावर मात्र दोन्ही वेळा ‘रॅम्प उपलब्ध’! म्हणून पहिल्या दिवसापासून चालक आणि थांब्यांची देखभाल करणारी माणसंही सोबत हवीत. तेही या रचनेचे वापरकर्तेच आहेत.

सुरुवात बैठकीने करू नका, प्रवासाने करा. आठ-दहा जण पुरेत: हाताने चालवायची आणि बॅटरीवरची व्हीलचेअर वापरणारे, पांढरी काठीवाले, अंधुक दिसणारे, कर्णबधिर, गुडघेदुखीचे ज्येष्ठ, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली बाई, वाचता न येणारा कामगार, रात्रपाळीची कर्मचारी. प्रत्येकासोबत घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत जायचं. एकदा गर्दीच्या वेळी, एकदा अंधार पडल्यावर. सोबत मोजपट्टी आणि घड्याळ. कुठे थांबावं लागलं, किती वेळ, कुणाला विचारावं लागलं, हे जागच्या जागी लिहायचं. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चालवण्याचा कार्यक्रम मात्र टाळा. अर्ध्या तासात अंधाराची भीती कळते, वर्षानुवर्षांचं काठीचं कसब कळत नाही. मग लोक कीव करायला शिकतात आणि रचना आहे तशीच राहते.

त्यानंतर प्लायवूडचा खऱ्या मापाचा सांगाडा: दार, पुढची मार्गिका, व्हीलचेअरची जागा. दांडे क्लॅम्पने बसवा, म्हणजे लगेच सरकवता येतील. आणि सगळ्यांना एकाच वेळी आत सोडा, कारण खरी गंमत तिथे आहे. दारातला मधला दांडा ज्येष्ठांना आधार वाटतो, व्हीलचेअरला तोच आडवा येतो. वेगवेगळ्या दिवशी विचारलंत तर दोघांच्याही मागण्या रास्त वाटतील आणि निर्णय शेवटी ठेकेदार घेईल. एकत्र असले की दांडा कडेला सरकवून दोघं तिथेच वापरून बघतात. वरच्या दांड्यापर्यंत कुणाचे हात पोहोचत नाहीत हेही दिसतं.

असाच पेच फुटपाथच्या कडेचा. व्हीलचेअरसाठी कड रस्त्याला सपाट केली की काठीला रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. तिथे ठिपक्यांच्या फरशा लागतात. या स्पर्शफरशा जपानच्या सेइइची मियाके यांच्या. १९६७ साली ओकायामात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसल्या. लांब रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे सावध व्हा, थांबा. पण गोदामात ठिपक्यांच्याच फरशा शिल्लक म्हणून सगळ्या वाटेवर त्याच टाकल्या जातात, किंवा रेघ सरळ खांबावर जाऊन आदळते. काठी घेऊन एक फेरी मारली तरी हे सापडतं, फक्त ती फेरी सिमेंट वाळायच्या आत व्हायला हवी.

बैठकांबद्दल थोडक्यात. कागद आठवडाभर आधी द्या. स्कॅन केलेल्या पानाचा फोटो स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा धड वाचत नाही. नकाशा पुठ्ठ्यावर जाड सुतळी चिकटवून द्या, बोटांनी वाचता येतो. सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे ठेवा, एकटा तासभर टिकत नाही. आणि मानधन द्या, प्रवासखर्चासकट, मदतनिसाच्या खर्चासकट. सल्लागाराला पैसे मिळतात आणि रोज ते दार वापरणाऱ्याला चहा-बिस्किट, हे मला तरी पटत नाही.

प्रत्येक सूचनेसमोर वहीत तीन रकाने ठेवा: मान्य की अमान्य, कारण, कुणाची सही. वहीची प्रत सूचना देणाऱ्यांकडे निविदा निघण्याआधी पोचली पाहिजे, वाचता येईल अशा स्वरूपात. ‘अमान्य’ची कारणं लिहायला बसलं की निम्मे नकार तिथेच गळतात.