पन्नीतले अकरा आधार

नागपुरात सदर भागातल्या आमच्या कट्ट्यावर परवा चहापेक्षा प्रश्नावली जास्त फिरली.

वकिलाची भाची समाजकार्याचं शिकते. प्रकल्पाचा विषय घेतलाय: बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या मजुरांचं कल्याण आणि त्यांच्यातलं नेतृत्व, यासाठी चर्च आणि धर्मादाय संस्था काय करतात. तिनं मामाकडे तीन पानं दिली, काही सुटलंय का बघा म्हणून. मामानं ती आधी अण्णाच्या हातात ठेवली, कारण आमच्यात चर्चला जाणारा तो एकटाच. अण्णा मल्याळी. वडील रेल्वेत लागले म्हणून नागपूरला आले, याचा जन्म इथलाच. ‘अण्णा मद्राशाले म्हणतात बे’ हे तो तीस वर्षं सांगून राहिला आहे, पण नाव काही सुटलं नाही.

त्यानं सातवा प्रश्न मोठ्यानं वाचला : ‘गेल्या वर्षभरात आपल्या संस्थेने स्थलांतरितांमधून किती नेते घडवले?’

पेंटरच्या नाकातून चहा यायचा राहिला. ‘घडवले? गणपती हाय का बे? चितार ओळीतल्या मूर्तीवाल्याले ऑर्डर दे म्हणा तिले.’

पेंटर म्हणजे घरं रंगवायचे ठेके घेणारा. सकाळी ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामाची वाट बघत उभे असतात तिथून, माणसं उचलतो. छत्तीसगढची, बालाघाटची, शिवनीची. त्याचं म्हणणं सरळ होतं. नेता तिथं आधीच आहे, त्याला मुकादम म्हणतात. ‘ज्याच्या हाती उचल, तोच लीडर. बाकी संस्थावाले खिचडी वाटतात, ब्लँकेट वाटतात, फोटो काढतात. अन् मंग हळूच प्रार्थना सुरू.’

इथं मास्तर उसळले. ‘तू जन्मला कुठं?’

‘म्यूर हॉस्पिटलात, मिशनच्या.’

‘तुझ्या मायले कोणी प्रार्थना म्हणाले लावली होती का?’

‘ते मले काय माहीत? मी तं रडून राहिलो होतो.’

मास्तर मग १८४५ पासून सुरू झाले. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आला, शाळा काढली, इथलेच दगड-जीवाश्म गोळा केले, १८६३ मध्ये बोरी नदीत बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३चं. आम्ही त्यांना तिथंच थांबवलं, नाही तर रात्र गेली असती. पण हिस्लॉप स्वतःच परमुलखातून आलेला माणूस होता, हे त्यांनी जाता जाता टाकलेलं वाक्य मला आवडलं.

वकील म्हणाला, धर्म बाजूला ठेवा, २०२०चं लॉकडाउन आठवा. तेव्हा मी आणि तो पांजरी टोल नाक्यावर पाकिटं घेऊन उभे होतो. हैदराबादकडून पायी आलेली माणसं. पुरी-भाजीचं पाकीट घेऊन एकानं विचारलं होतं, ‘भैया, जबलपुर कितना?’ मी आकडा सांगितला आणि त्यानं मान हलवली, जणू मी इथली शेजारची सीताबर्डी सांगितली. त्याचं नाव मी विचारलं नाही. कोणाचंच विचारलं नाही. टेबलाच्या इकडे आम्ही, तिकडे ते.

‘अन् तिकडे करंजीले लंगर होता ना,’ मास्तर म्हणाले. यवतमाळ जिल्ह्यात, त्याच हायवेवर. बाबा करनैलसिंग खैरा, तेव्हा ८१ वर्षांचे. लाखो माणसं जेवून गेली तिथं. ‘पण फरक पाहा. लंगरात जेवणारा उठून पोळ्या लाटाले बसू शकतो. तुमच्या टेबलामांगं येऊन कोणी पाकिटं भरली असती, तं तुम्ही त्याले हाकललं असतं.’

खरं आहे. आम्ही दोरी बांधली होती.

अण्णा इतका वेळ गप्प होता. मग त्यानं वडिलांचं सांगितलं. ऑफिसात साहेबापुढे तोंड न उघडणारा माणूस, हिंदी कच्चं, मराठी त्याहून कच्चं. पण चर्चमध्ये त्यांना कैक्कारन केलं, म्हणजे हिशेब आणि मालमत्ता बघणारा विश्वस्त. मग पळ्ळियोगमला, म्हणजे सगळ्या कुटुंबांच्या सभेला, उभं राहून पैशापैशाचा हिशेब वाचायचा. पहिल्या वर्षी कागद थरथरत होता, अण्णा लहान होता पण त्याला तो कागद आठवतो. दोन वर्षांनी हेच वडील वॉर्डात पाण्यासाठी मोर्चात पुढे. ‘कोणी ट्रेनिंग दिलं नाही. हिशेब दिला हातात, बस.’

‘तुमच्या लोकायचा पगार होता,’ पेंटर म्हणाला. ‘नर्सा, रेल्वेवाले. पहिल्या तारखेले खात्यात. माझा माणूस साइटवरच झोपते.’

कधी कधी पेंटर अगदी वर्मावर बोट ठेवतो. मल्याळ्यांचं चर्च मल्याळ्यांनीच चालवलं, वर्गणी त्यांची, भांडणंही त्यांचीच. ठिय्यावरच्या माणसासाठी चालवणारे दुसरे, तो फक्त लाभार्थी. हा शब्द मला सरकारी कागदावरही खुपतो, संस्थेच्या अहवालात जास्तच.

वकिलानं यावर देणगीदारांचा मुद्दा आणला. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, तेव्हापासून एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्यांकडून मिळणाऱ्या पैशावर वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्था त्यामुळे आवळल्या. आणि देशातला देणगीदार ब्लँकेटला पैसे देतो, भांडणाला देत नाही. भाचीनं वाचलेलं एक उदाहरण त्यानं सांगितलं. कॅलिफोर्नियात प्रोटेस्टंट चर्चांचं शेतमजुरांसाठी काम होतं, अनेक वर्षांचं. कपडे, पाळणाघर, दवाखाना. सगळे खूश. १९६५ मध्ये डेलानोला द्राक्षमजुरांचा संप झाला आणि चर्चचं ते काम मजुरांच्या बाजूनं उभं राहिलं, तेव्हा चिडले कोण? त्याच चर्चांत रविवारी बसणारे बागायतदार.

‘म्हंजे मी,’ पेंटर म्हणाला. हसण्यावारी नेलं, पण बोलला.

मग मी माझं काढलं. गेल्या आठवड्यात भाचीला गाडीवर बसवून मीच ठिय्यावर नेलं होतं. साडेसातची वेळ. तिथं राजनांदगावकडची एक बाई भेटली, चाळिशीची, बोटांच्या भेगांत चुना बसलेला. तिच्या कमरेला एक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी खोचलेली, रबर लावलेली. आत अकरा आधार कार्डांच्या झेरॉक्स, तिच्यासोबत आलेल्या अकरा बायांच्या. प्रत्येकीच्या मागं गावाकडचा फोन नंबर, या बाईच्या सहावीतल्या पोरीनं लिहिलेला. बाईला वाचता येत नाही. फोटोवरून ओळखते. तीन झेरॉक्स काळ्या आल्यात, त्यांचे कोपरे तिनं वेगवेगळे फाडून ठेवलेत. कोणी परांचीवरून पडलं तर दवाखान्यात कागद आधी मागतात, म्हणून ही पन्नी. एका ठेकेदारानं सहा दिवसांची मजुरी अडकवली, तर ही अकराही जणींना पोरांसकट घेऊन त्याच्या दारात संध्याकाळपर्यंत बसली. चार दिवसांचे सुटले.

भाचीनं विचारलं, आप लीडर हैं? ती म्हणाली, ‘लीडर नहीं बाबू, मैं बस कागज रखती हूँ।’

त्या ठिय्यावर खिचडी वाटणाऱ्या एका संस्थेनं नेतृत्व प्रशिक्षण घेतलं होतं. कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. रोजी पाडून कोण जाईल? मुकादम गेला. त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून खोलीत लावलंय. संस्थेच्या वहीत ही बाई आहे, पण ‘जेवण, महिला’ या रकान्यात, एक काडी म्हणून.

माझं मत मी तिथं दिलं, इथंही देतो. भाचीनं प्रश्नावली घेऊन संस्थेच्या ऑफिसात आधी जाऊच नये. ठिय्यावर विचारावं, अडलं तर कोणाकडे जाता? जे नाव येईल त्याला संस्थेनं काय दिलं, हे मग ऑफिसात विचारावं. रविवारी बसायला हॉलची किल्ली दिली का? हिशेब दाखवला का? मास्तरांना हे एकांगी वाटलं. उपाशी माणसाला आधी किल्ली देणार का, म्हणाले. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. अण्णा म्हणाला, दोन्ही एकाच हातानं देता येतं, खिचडीचा हिशेब त्या बाईकडेच द्या ना.

‘तिले वाचता येत नाही,’ पेंटर.

‘तिच्या पोरीले येते.’

वकील मग पेंटरकडे वळला. आंतरराज्य मजुरांचा १९७९चा कायदा पाच मजुरांपासून लागायचा, २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या संहितेत पाचाचे दहा झाले. पेंटरकडे आठ. ‘म्हंजे मी सुटलो!’

‘बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीतून कुठं सुटतो? रंगारी त्यात येतात. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागते. पोरायची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात, सारं त्यावर. तू आजवर किती जणायले दाखला दिला?’

पेंटरनं ग्लासातला गाळ हलवला. ‘नव्वद दिवस माझ्याकडे कोणी टिकतच नाही. वीस माझ्याकडे, पंधरा दुसऱ्याकडे.’

‘तं वीसचा दे. पंधराचा तो देईल. बेरीज चालते.’

चहावाल्यानं बाकडी उचलायला घेतली. मास्तरांनी पैसे दिले, भाचीची पानं घडी घालून वकिलाच्या खिशात गेली. पेंटरनं गाडीला किक मारली, मग बंद केली.

‘काय बे वकील, मागच्या तारखेचा चालते का?’