"60 मायक्रोग्रॅमनं काय होते?" बरंच होते भाऊ

हिवाळा लागला की नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरते, 'पीएम 2.5 चा बाऊ'. पीएम 2.5 म्हणजे हवेतले 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे; एक मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग. म्हणे 60 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.00006 ग्रॅम, मिठाचा एक कण, त्यानं कोणाचं काय बिघडते. म्हणे पीएम 10 म्हणजे 10⁻⁵ मीटर अन् पीएम 2.5 म्हणजे 10⁻⁶ वाला, 6 मोठा म्हणून 2.5 वाला कण मोठा, तो नाकातच अडकते, आणि तसाही फरक फक्त एकाचाच. गाडीवर स्टोल बांधला की झालं. आणि गच्चीवर कोराडीच्या वीजकेंद्राची राख दिसत नसंल तर हवा साफ. खाली लिहिलंय 'विज्ञान समजून घ्या'. घेऊ नं.

घातांकाचं आधी उरकतो, शाळेतलंच आहे. घातांक ऋण असला की आकडा जितका मोठा तितकं माप बारीक. तुलना करायची तर दोन्ही एकाच घातांकावर आणायचे, 1×10⁻⁵ म्हणजेच 10×10⁻⁶, आणि समोर 2.5×10⁻⁶. झालं, पहिला चौपट मोठा. नावातच 10 अन् 2.5 लिहिलंय राजेहो, ते सोडून हा माणूस वरचे बारके आकडे काहून वाचत बसला देव जाणे. आणि रुंदीत चौपट म्हणजे आकारमानात 64 पट, तो 'एकाचाच फरक' इथं येऊन पडते. मोठे कण बरेचसे नाका-घशातच थांबतात, 2.5 वाले खाली फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं.

आता मिठाचा कण. ही उपमा खरी आहे बरं का, बारीक मिठाचा एक दाणा साधारण तेवढाच भरते. पण 60 हा आकडा एक घनमीटर हवेतला आहे, 2009 च्या आपल्या देशाच्या हवेच्या मानकातली पीएम 2.5 ची 24 तासांची मर्यादा, आणि ते वजन एका दाण्यात बसलेलं नसते. हिशोब करून पाहा. 2.5 मायक्रॉनचा गोल कण, घनता पाण्याएवढी धरली तर वजन साधारण 8×10⁻¹² ग्रॅम. 6×10⁻⁵ ला 8×10⁻¹² नं भागा, वर 0.75 उरते आणि घातांक −5 वजा −12, म्हणजे अधिक 7. झाले 0.75×10⁷, म्हणजे 75 लाख कण, एका घनमीटरात. लिटरमागे साडेसात हजार, आणि आरामात बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेते, म्हणजे दर श्वासाला साडेतीन हजाराच्या वर. हे सगळे कण सगळ्यात मोठ्या मापाचे धरले तर हं! पाव मायक्रॉनचे धरले तर प्रत्येकाचं वजन हजारपट कमी, मग तेवढ्याच 60 मायक्रोग्रॅममध्ये कण हजारपट जास्त. मायक्रोग्रॅम पाहून हसणाऱ्यानं हा भागाकार केलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये 24 तासांसाठी 15 च सांगितले आहेत, ते काय उगाच नाही.

स्टोल. ऊन अडते, जाडी धूळ अडते, वर्धा रोडवर ट्रकच्या मागं असाल तर बांधाच. पण सुती कापडाच्या दोन धाग्यांमधली फट सहज 100 मायक्रॉन, म्हणजे 1×10⁻⁴ मीटर, कणाच्या 40 पट. यावर कोणी म्हणंल की एन-95 च्या तंतूंमधल्या फटीही कणापेक्षा मोठ्याच असतात, तर हो, असतात. पण तो चाळणीसारखं काम करत नाही, त्याच्या तंतूंवर विद्युतभार असते, कण ओढले जाऊन चिकटतात, आणि थर बरेच असतात. स्टोलमध्ये त्यातलं काही नाही आणि बाजूनं हवा शिरते ते वेगळंच.

राहिली गच्ची. राखेचे जे कण पुसल्यावर फडक्यावर दिसतात ते जाडे, म्हणूनच ते खाली बसले. बारीक कण लवकर बसत नाहीत, तासन् तास हवेतच राहतात, त्यामुळं स्वच्छ फरशी पाहून हवेचं काहीच कळत नाही. आणि सगळं कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांवरही ढकलू नका, कॉलनीत सकाळी झाडलेला पाला जाळतात नं, त्या धुरातले बहुतेक कण 2.5 च्या आतलेच असतात, अन् थंडीत सकाळची हवा जमिनीलगत दबून राहते म्हणून तो धूर लवकर वरही जात नाही.