कधी खायचेत?

आंबेवाला पेटीचं झाकण उघडायच्या आधीच विचारतो, "साहेब, कधी खायचेत?"

नोकरीच्या मुलाखतीतही मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारलेला नाही. 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' यावर काहीही ठोकून देता येतं, पाच वर्षांनी तपासायला कुणी येत नाही. इथे दहा दिवसांनी पाहुणे पाटावर बसणार होते. अक्षय्य तृतीया, दुपारी एक वाजता, माणसं आठ, आमरस-पुरी. एवढं रेखीव ध्येय मी आयुष्यात दुसरं ठरवलेलं नाही, आणि हेही बायकोनं ठरवलं होतं. माझ्याकडे एकच काम होतं. "तुम्ही फक्त पेटी आणा." या 'फक्त'मध्ये पाच डझन आंबे होते.

"तृतीयेला," मी म्हणालो.

"मग हिरवाच न्या. घरी अढीत घाला. आठ-दहा दिवसांत सोन्यासारखा होतो."

'आठ-दहा'मधला तो लहानसा दांडा मी नीट ऐकला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आंबा पारखायची विद्या मला सासऱ्यांनी शिकवली आहे. ते मूळचे राजापूरचे. देठाजवळ खड्डा हवा, दोन्ही खांदे देठाच्या वर आलेले हवेत. खांदे पडलेला आंबा कोवळा काढलेला असतो, तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. मी एकेक आंबा उचलून त्याचे खांदे तपासू लागलो, शिंपी कोटाचं माप घेतो तसे. देठाचा वास घेतला. काही कळलं नाही, तरी डोळे मिटून मान हलवली, कारण शेजारचे गृहस्थही तसंच करत होते. आता वाटतं, त्यांनाही काही कळत नसावं.

"हा देवगड आहे ना?"

"साहेब, पेटीवर लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. पेटीत आंब्यांखाली अंथरलेला पेपर मात्र कानडी होता. मी तिकडे बघितलं, आंबेवाल्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी ठामपणे म्हणालो, "द्या." एवढा वेळ घासाघीस केल्यावर माघार घ्यायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नाही.

पलंगाखाली पेंढा पसरून अढी लावली. चौथ्या दिवशी आंबे हिरवेगार. सहाव्या दिवशी हिरवे. येणारा-जाणारा पलंगाखाली वाकून आंब्याला अंगठा दाबून बघायचा. घरातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याचा ठसा फळांवर उमटला, पोलिसांनासुद्धा इतके स्वच्छ मिळत नसतील. आठव्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, हे आंबे आहेत की क्रिकेटचे बॉल?" त्या रात्री दोन वाजता मी बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरलो. बायको वरून म्हणाली, "अहो, उजेडानं पिकतात का?"

तृतीयेच्या सकाळी साठांपैकी सतरा तयार निघाले. आठ माणसांना सतरा. पुऱ्या जरा मोठ्या लाटल्या तर भागेल, असा हिशेब मी मांडला.

सासरे सुरी घेऊन बसले. पहिला आंबा केशरी. दुसराही. मी कॉलर नीट केली. तिसरा वरून सगळ्यांत देखणा, आणि आत कोयीलगत पांढरा, भुसभुशीत, आंबट. साका.

साक्याची खोड अशी, की तो बाहेरून कुणालाच दिसत नाही. ना खांद्यावरून, ना वासावरून. काढणीच्या वेळी तापलेल्या जमिनीची धग लागली की तो वाढतो म्हणतात. आत कोयीला रुजायची घाई होते आणि ती भोवतालचा गर बिघडवते, असंही शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे मी बाजारात डोळे मिटून वास घेत होतो, तेव्हा कोयीचं ध्येय माझ्या आधीच ठरलेलं होतं.

"मला वाटलंच होतं," सासरे म्हणाले. तिसरा आंबा कापायच्या आधी ते "व्वा, काय फळ आहे!" म्हणाले होते. पण जावयानं काही गोष्टी ऐकून सोडून द्यायच्या असतात.

सतरापैकी पाच साक्याचे निघाले. रसात थोडं दूध गेलं, माणसं 'पोट भरलं' म्हणाली. जेवणानंतर सासरे सुपारी कातरत बसले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "दापोलीच्या कृषी विद्यापीठानं १९८१ सालीच नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढलाय. त्यात साका होत नाही. पुढच्या वर्षी तोच आणू. निदान आत काय आहे ते आधी कळेल."

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जावईबापू, साका निघाला तरी हापूस तो हापूस."

त्यानंतर दोनच दिवसांनी उरलेले त्रेचाळीस आंबे एकाच रात्रीत पिकले. सकाळी उठलो तर पलंगाखालून असा घमघमाट, की खालच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता वर आले. सकाळी आंबा, डब्यात आंबा, रात्री साखरांबा. इमारतीत असं एक घर उरलं नाही जिथे आमचं पातेलं गेलं नाही. त्रेचाळिसांत साक्याचा एकही नाही. म्हणजे पाहुण्यांसाठी नेमके कोणते निवडले, तर ते.

गेल्या रविवारी पुन्हा मंडईत होतो. तेच काका बरोबर होते. "तुमचे आंबे काय सुरेख होते हो," म्हणाले, "मला एक पेटी निवडून द्या. तुम्हाला त्यातलं कळतं."

आंबेवाल्यानं विचारलं, "कधी खायचेत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी एक आंबा उचलला, खांदे तपासले, देठाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि सासरे थांबतात तेवढाच वेळ थांबलो.

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो. "दुपारी."