न विचारता पीडीएफ रीडर बदलल्याच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार अशी: कॉम्प्युटर स्लो चालतो म्हणून आणला होता, आम्ही न विचारता ॲडोब रीडर ९ काढून नवा टाकला, त्याचे ४०० रुपये घेतले, आणि ऑफिसात गेल्यावर फॉर्ममधलं बेरजेचं बटण चालेना. जुनाच परत टाका म्हणालात, तर आम्ही नाही म्हटलं.

न विचारता बदललं हे आमचं चुकलंच. मशीन तुमचं, आधी फोन करायला हवा होता. ४०० रुपये परत देतो. बटणही आमच्यामुळेच अडलं. नव्या रीडरमधलं जावास्क्रिप्ट, म्हणजे पीडीएफमधले छोटे प्रोग्रॅम चालवणारी सोय, आम्ही बंद केलं आणि बिलावर तसं लिहिलंसुद्धा नाही.

जुना रीडर मात्र मी परत टाकणार नाही. तो झटकन उघडायचा, हे खरं आहे. पण रीडर ९ साठी दुरुस्त्या देणं ॲडोबने जून २०१३ मध्ये थांबवलं. पीडीएफ म्हणजे नुसता कागदाचा फोटो नसतो. तिच्यात फॉन्ट, चित्रं, छोटे प्रोग्रॅमही असतात आणि रीडर ते सगळं उलगडतो. तिथे तो चुकला, की फाइल बनवणाऱ्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. डिसेंबर २००९ मध्ये रीडरमधल्या अशाच एका चुकीचा फायदा घेऊन हल्ले सुरू झाले आणि दुरुस्ती आली १२ जानेवारी २०१० ला. तोवर जावास्क्रिप्ट बंद ठेवा, असं खुद्द ॲडोब सांगत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत उघड झालेली चूक तर चित्रं उलगडण्यातली होती, तिथे नुसतं जावास्क्रिप्ट बंद करून भागत नव्हतं. फाइल बंदिस्त जागेत उघडणारा 'प्रोटेक्टेड मोड' २०१० च्या रीडर टेनपासून आला, तुमच्या जुन्यात तो नव्हताच. आणि तुमच्याकडे तर रोज अनोळखी पत्त्यांवरून कोटेशनं येतात, तुम्हीच सांगितलं होतं.

नवा रीडरही अभेद्य नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲडोबने बुजवलेली एक फट हल्लेखोर आधीपासूनच वापरत होते. म्हणून अपडेट आपोआप होतील असं ठेवलंय, तेवढं कृपया बंद करू नका.

आता तुमचा फॉर्म. तो उघडल्यावर वर पिवळी पट्टी येईल. तिच्यातल्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन फक्त या डॉक्युमेंटला परवानगी द्या, बटण चालेल. ओळखीच्या फॉर्मलाच द्या, कोटेशनला नको. रोजची बिलं क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये उघडलीत तर रीडर सुरू होण्याची वाट बघावी लागणार नाही. रीडर फॉर्म आणि डिजिटल सहीपुरता ठेवा.

मशीन पुन्हा उचलून आणू नका. सोयीची वेळ कळवा, मी स्वतः येतो, फॉर्म तुमच्यासमोर चालवून दाखवतो आणि पैसेही तेव्हाच देतो.