सायमनच्या मृत्यूबद्दल फिरणारा चुकीचा सारांश

निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांची गोष्ट सांगणाऱ्या, विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (1954) या कादंबरीचा एक सारांश सध्या फिरतो आहे: ‘दुबळ्या सायमनला जॅकच्या टोळीने मारलं, राल्फ आणि पिगी त्यात नव्हते.’ हे चूक आहे.

नववं प्रकरण वाचा. वादळाच्या रात्री नाचता नाचता सायमनला मारणाऱ्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही सामील होतात. दहाव्यात पिगी या मृत्यूला अपघात म्हणतो, राल्फ मात्र खून. हा संवाद वगळला की कादंबरीचा कणाच मोडतो, कारण इथे सभ्य मुलंही सुटत नाहीत.

आणि दुबळा? सायमनला भोवळ येते, हे खरं. पण लहानग्यांना उंचावरची फळं तोच काढून देतो, सगळी मुलं ज्या श्वापदाला घाबरतात, ते ‘श्वापद कदाचित आपणच असू’ असं सभेत तोच सुचवतो. डोंगरावर एकट्याने चढून, ते श्वापद म्हणजे पॅराशूटला अडकलेलं प्रेत आहे हे तो पाहतो, खडकांत गुंतलेल्या दोऱ्या सोडवतो. हेच सांगायला खाली येताना तो मारला जातो. पुढे वारा ते प्रेतही समुद्रात नेतो, म्हणजे पुरावाही जातो.

परीक्षेसाठी वाचणाऱ्यांपर्यंतही हा मजकूर पोचतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका.