‘फक्त कलमांचे आकडे बदलले’ म्हणे!

‘नव्या फौजदारी कायद्यांत फक्त कलमांचे आकडे बदललेत. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता पाठ करा. मुदती ठरल्यामुळे काम उलट हलकं झालंय. बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने गळून जाणं, हा कामचुकार वकिलांचा बहाणा आहे.’ हा संदेश फिरत फिरत आमच्या ज्युनियरकडे आला, तोही तिच्या घरूनच. आता मात्र उत्तर द्यायलाच हवं.

आधी आकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) जागी न्याय संहिता, सीआरपीसी या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम आला. न्याय संहितेतल्या बऱ्याच व्याख्या भादंविच्याच आहेत. तेवढ्यापुरता तक्ता उपयोगी, मान्य. पण कुठल्या प्रकरणाला कुठला कायदा, हे तक्ता सांगत नाही. १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेले तपास, खटले, अपिलं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ मुळे जुन्या सीआरपीसीनेच चालतात. गुन्हा जूनमधला आणि एफआयआर ऑगस्टमधला असेल, तर कलमं भादंविची, प्रक्रिया नवी. एकाच दिवसाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, हे सगळे प्रकार असतात. त्यात ४८२ म्हणजे पूर्वी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, आता अटकपूर्व जामीन. १४४ म्हणजे पूर्वी जमावबंदी, आता पोटगी! वीस वर्षं हाताला बसलेली सवयच इथे घात करते, म्हणून प्रत्येक अर्ज दोनदा वाचावा लागतो.

आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र? त्याचा भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळख-संकेत; फाइल जराशी बदलली तरी तोही बदलतो. पक्षकार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिथे फाइल लहान होते आणि हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. मग मूळ फोन मिळवा, तज्ज्ञ गाठा, तोवर तारीख आलेली असते.

मुदती पक्षकाराच्या भल्याच्याच आहेत. सत्र खटल्यात युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, फार तर ४५. पण दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं. आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. मुदत आली, माणसं तेवढीच.

राहिला ‘बहाणा’. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवलंय. कारण दिलंय कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ आवरता न आलेला ताण. लक्षणं तीन: गळून जाणं, कामाबद्दल मन उडणं, हातून नीट काम होत नाही असं वाटणं. कामचुकाराला यातलं तिसरं छळत नाही. ज्युनियरला हे होऊ लागलं की ती फाइल उघडायचंच टाळते आणि नेमकी तेव्हाच मुदत हुकते.

तक्ता पाठवणाऱ्या ज्येष्ठांनी त्याऐवजी प्रत्येक फाइलीच्या मुखपृष्ठावर गुन्ह्याची तारीख, एफआयआरची तारीख आणि लागू कायदा स्वतः लिहून द्यावा, आणि ज्युनियरच्या रोजच्या बोर्डावरची दोन-तीन प्रकरणं आपल्याकडे घ्यावीत.